तुम्ही विचारलंत म्हणून: वरून प्लास्टिक लावायचंच, तर लाकडाची फिल्म कशाला?

"शेवटी वरून प्लास्टिकचा थर द्यावाच लागतो ना, मग एवढा खटाटोप कशाला?" मी लाकडातून पॅकेजिंगसाठी ऑक्सिजन अडवणारी पातळ फिल्म करते, तिच्याबद्दल हा प्रश्न सुट्टीत पुण्याला गेले की येतोच, आणि इथे स्वीडनमध्ये गोथेनबर्गला कागदवाल्यांच्या मीटिंगमध्येही येतो. दर वेळी घाईघाईत दोन वाक्यं बोलून मोकळी होते आणि मग घरी आल्यावर चुटपुट लागते, म्हणून एकदाच नीट लिहिते.

आधी झाडांचं. फिल्मसाठी वेगळी झाडं तोडत नाहीत. फिल्म होते हेमिसेल्युलोजची, म्हणजे लाकडात सेल्युलोजच्या जोडीला असणाऱ्या साखरेच्या साखळ्यांची. लाकडाचा साधारण पाव भाग तोच असतो आणि क्राफ्ट मिलमध्ये, म्हणजे लाकूड रसायनांत शिजवून कागदाचा लगदा करतात तिथे, त्यातला बराचसा काळ्या लिकरमध्ये (शिजवून उरलेल्या द्रावात) उतरून बॉयलरमध्ये जळतो. पण हेही खरं की त्या लिकरमध्ये त्याच्या साखळ्या बऱ्याच तुटलेल्या असतात, चांगला माल हवा तर आधीच काढावा लागतो, आणि तो काढला की मिलचा जळण आणि लगद्याचा हिशोब बदलतो. फुकटात काहीच नाही.

आता फिल्म. 2004 मध्ये इथल्याच चाल्मर्स विद्यापीठातल्या लोकांनी ॲस्पेन झाडाच्या झायलानमध्ये (हा हेमिसेल्युलोजचाच प्रकार) मऊपणासाठी झायलिटॉल किंवा सॉर्बिटॉल घालून फिल्म केल्या, कारण नुसतं झायलान तडकतं, आणि त्या ऑक्सिजन फार चांगला अडवत होत्या. पॉलिथिलीन या बाबतीत जवळपासही येत नाही. साखळ्या हायड्रोजन बाँडने एकमेकींना इतक्या घट्ट धरतात की ऑक्सिजनला शिरायला जागाच राहत नाही. हे वाचून मी या कामात आले.

आमच्या प्रत्येक आलेखाखाली लिहिलेलं असायचं, 23 अंश, 50 टक्के आर्द्रता. एका पॅकेजिंग कंपनीशी बोलणी बरीच पुढे गेली होती, त्यांच्याकडच्या बाईंनी आलेख नीट बघितले आणि शांतपणे म्हणाल्या, आमचा माल आशियात जातो, आम्हाला 38 अंश आणि 90 टक्क्यांचे आकडे द्या. या धंद्यात याला ट्रॉपिकल कंडिशन म्हणतात. मला मात्र मामाच्या घरचा, पावसाच्या तोंडावरचा कोकणातला उकाडा आठवला. म्हणजे माझी फिल्म माझ्याच माणसांच्या हवेत टिकते का, हेच त्या विचारत होत्या.

ह्युमिडिटी चेंबरमध्ये पट्ट्या ठेवल्या. ठेवताना काचेसारख्या स्वच्छ, वाकवल्या की कडकन मोडणाऱ्या. बाहेर काढल्या तेव्हा मऊ पडून चिमट्याला चिकटत होत्या, एक तर सोडवताना लांबत गेली. मशीनवर लावली तर ऑक्सिजनचा आकडा चढतच गेला, स्थिर होईना. मी तिथेच उभी राहून बघत राहिले, दुसरं काही सुचेना. पुढे कंपनीची दोन ओळींची मेल आली आणि विषय संपला.

त्या बाईंचा मला फार दिवस राग होता. ऑक्सिजन अडवायला वापरतात ते ईव्हीओएच प्लास्टिक पण ओलाव्यात ढेपाळतंच की, म्हणून तर त्याला दोन्हीकडून पॉलिथिलीनमध्ये दाबून ठेवतात, त्याला कोणी विचारत नाही तू कशाला म्हणून! हा मुद्दा मी आजही सोडणार नाही. ओल अडवायचं काम एका थराचं, ऑक्सिजन अडवायचं दुसऱ्याचं, आणि तो दुसरा थर ॲल्युमिनियम किंवा ईव्हीओएचऐवजी लाकडातून आला तर तेवढं धातू आणि तेल वाचतं. पण तुलना इथे अडते, ईव्हीओएच वितळतं, बाकीच्या थरांबरोबर एकाच मशीनमधून निघतं. हेमिसेल्युलोज वितळायच्या आधीच जळायला लागतं, ते पाण्यात विरघळवून कागदावर चढवा, मग ते सगळं पाणी वाळवा, आणि वाळवायला वीज लागते.

तेव्हा मी म्हणायचे, ॲसिटिलेट करू, म्हणजे साखळ्यांवर ॲसिटिल गट चढवू, पाण्याची ओढच कमी करू. ओढ कमी होते, खरंय, पण ज्या बाँडमुळे ऑक्सिजन अडत होता तेच जातात. मग तेव्हाच्या मला काय सांगू? थरांमध्ये लपवून ठेव, की रसायन बदलत राहा? काही दिवस एक पटतं, काही दिवस दुसरं.

सध्या सिट्रिक ॲसिडने साखळ्या एकमेकींना बांधून बघतोय. ओलाव्यात फरक दिसतो, पण फिल्म कडक होते आणि कार्टनच्या घडीवर तडा गेला की बॅरियर गेला, म्हणून आता सगळं लक्ष त्या घडीवर आहे.