भीती वेगळी, दुःख वेगळं: समुपदेशनाचा माझा अनुभव

ताई गेली तेव्हा मी फारसा रडलो नाही. आईबाबांना सांभाळ, भाचीकडे बघ, कागदपत्रं आवर, यातच सुरुवातीचे महिने गेले. मग हळूहळू छातीत धडधड सुरू झाली. रात्री फोन वाजला की हातपाय गार पडायचे, घशाशी काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं आणि आता आपलंही काही खरं नाही असं वाटायचं. ताईची बातमी रात्रीच्या फोनवरच आली होती. या दोन गोष्टींचा संबंध आज उघड दिसतो. तेव्हा मला फक्त हृदयविकार दिसत होता.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त आणि थायरॉइड तपासलं. सगळं ठीक निघालं. तपासण्या आधी झाल्या हे फार बरं झालं, कारण थायरॉइड वाढलेलं असलं किंवा ठोक्यांत खरीच गडबड असली तरी लक्षणं पुष्कळशी अशीच असतात. शिवाय पुढे समुपदेशनात जे काही करायचं होतं, त्यासाठी हृदय धडधाकट आहे हे कळणं गरजेचं होतं.

सुरुवातीला मी ज्या समुपदेशकांकडे गेलो, त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकायच्या आतच सकारात्मक विचार करायला सांगितलं. मी पुन्हा गेलो नाही. कुणी अशाच अनुभवानंतर ‘आपल्यासाठी हे नाही’ असं ठरवून बसलं असेल, तर त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, माणूस बदलून बघा. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञांनी 1957 सालीच मांडलं होतं की समोरच्याला मनापासून समजून घेणं, तो जसा आहे तसा स्वीकारणं आणि स्वतः खरं वागणं, यावरच माणसात होणारा बदल अवलंबून असतो. तंत्रं त्यानंतर येतात. दुसऱ्या ठिकाणी मला हे तिन्ही मिळालं. त्या मॅडमचं नाव इथे लिहीत नाही, पण पुढे जे सांगतोय त्याचं श्रेय त्यांचं आहे.

पहिल्या भेटीत फॉर्म भरायचा होता. नाव, वय, चालू औषधं, आणि मग ‘तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं?’ या रकान्यात मी आयुष्यभर ताईचं नाव लिहीत आलो होतो. हात तिथे थांबला. मॅडमनी ते पाहिलं, पण घाई केली नाही. ‘तो रकाना आज रिकामा ठेवला तरी चालेल,’ एवढंच म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझा आवाज फुटला.

त्याच भेटीत त्यांनी गोपनीयतेचे नियम सांगितले. बोललेलं बाहेर जाणार नाही, पण माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर मात्र त्यांना पावलं उचलावी लागतील. आणि मग सरळ विचारलं, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ मी दचकलो. पुढे कळलं की असं स्पष्ट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट असलेला बाहेर पडायला वाट मिळते. ‘ताई जिथे आहे तिथे जावंसं वाटतं’ आणि ‘मी मरायचं ठरवलंय’ यांत फरक असतो, आणि तो फरक विचारल्याशिवाय कुणाला कळत नाही. माझ्या मनात पहिलं होतं, दुसरं नव्हतं. दुसरं असतं तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे जावं लागलं असतं.

जीएडी-7 नावाची एक छोटी प्रश्नावलीही भरून घेतली. गेल्या दोन आठवड्यांत काळजी, अस्वस्थता, चिडचिड किती दिवस जाणवली याबद्दल सात प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, सगळे मिळून 21. दहा किंवा त्याहून जास्त झाले की नीट लक्ष द्यायला हवं असं साधारण धरतात. माझे गुण बरेच वर होते. ती दर काही भेटींनी पुन्हा भरायची असे, म्हणजे आपण कुठे आहोत ते नुसतं वाटण्यावर राहत नाही.

पुढच्या भेटीत मॅडमनी कोऱ्या कागदाच्या मधोमध एक रेघ मारली. डावीकडे लिहिलं भीती, उजवीकडे दुःख. मला होणारी प्रत्येक गोष्ट मी कुठल्या बाजूला टाकीन असं विचारलं. धडधड, रात्री जाग येणं, भाचीला दर तासाला मेसेज करणं, हे डावीकडे गेलं. ताईची खोली उघडता न येणं, तिचा विषय निघाला की उठून जाणं, याला मात्र मला बाजू ठरवता येईना. ‘तिथेच आपलं काम आहे,’ त्या म्हणाल्या. या दोहोंचे उपचार वेगळे असतात. भीती जे सांगते ते खरं आहे का, हे तपासून बघता येतं. ताई नाही हे तर खरंच आहे, ते तपासून काय करणार? ते ऐकून घ्यावं लागतं, पुन्हा पुन्हा. आधी भीती जरा आटोक्यात आणू, म्हणजे दुःखाजवळ बसता येईल, असा क्रम त्यांनी मांडला. माझ्या मते माझ्या सगळ्या उपचाराचं मर्म त्या एका रेघेत होतं.

भीतीवर काम झालं ते सीबीटी, म्हणजे संज्ञानात्मक वर्तन उपचार या पद्धतीने. यात आपले विचार आणि वागणं तपासून बदलतात. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1960च्या दशकात तिचा पाया घातला. पॅनिक अटॅकमध्ये, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीच्या झटक्यात, काय होतं हे आधी समजावलं. शरीरात ॲड्रेनलिन वाढतं, ठोके वाढतात, श्वास भराभर होतो. श्वास असा झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्याने चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी वाटते. आपण त्याचा अर्थ लावतो की हार्ट अटॅक आला. त्या अर्थाने आणखी घाबरतो, ठोके आणखी वाढतात. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी हे चक्र 1986 साली नेमकेपणाने मांडलं.

ऐकून मला ते पटलं, पण शरीराला काही पटलं नव्हतं. मग एका भेटीत मॅडम माझे रिपोर्ट पुन्हा पाहून खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, ‘उभे राहा, आपण दोघं जागच्या जागी धावू या.’ माझ्या आईच्या वयाच्या बाई, चष्मा टेबलावर काढून ठेवून माझ्यासमोर गुडघे उचलून धावत होत्या. नंतर बसून भराभर श्वास घ्यायला लावला. अगदी तीच चक्कर, त्याच मुंग्या, तीच धडधड. ‘आता भीतीला 100 पैकी किती गुण?’ त्यांनी विचारलं. मी म्हणालो, 70. ‘नुसते बसून राहू. काही करू नका. पाणी पिऊ नका, नाडी पाहू नका.’ बसलो. काही मिनिटांत ते आपोआप उतरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या संवेदनांमधून काहीही न करता पार झालो होतो. घरीही हाच सराव दिला होता. (हृदयविकार, दमा, फिट्स यांचा त्रास असलेल्यांनी किंवा गरोदर बायकांनी हे स्वतःच्या मनाने करू नये. डॉक्टरांना विचारूनच करायचं.)

नाडी पाहणं, उशाशी फोन ठेवणं, सगळे घरी पोहोचले का ते विचारत राहणं, हे सगळं मला आधार वाटायचं. प्रत्यक्षात त्यानेच भीती टिकून राहत होती, कारण काही वाईट घडलं नाही याचं श्रेय दर वेळी त्या विचारपूशीला मिळायचं. हे आधार एकेक करून सोडायची, सोप्याकडून अवघडाकडे अशी पायऱ्यांची यादी आम्ही केली. प्रत्येक पायरीआधी मी अंदाज लिहायचा: ‘भाचीने दोन तास उत्तर दिलं नाही तर तिला काहीतरी झालेलं असेल, खात्री 80 टक्के.’ मग प्रत्यक्षात काय झालं ते खाली लिहायचं. वही भरत गेली तसे ते टक्के उतरत गेले.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण ती मी कुठे वाचली नव्हती. ज्याच्या घरात मृत्यू झालाय त्याला ‘अशी शक्यता फार कमी असते’ हे पुरत नाही. ताईच्या बाबतीतही शक्यता कमीच होती. मी हे म्हणालो तेव्हा मॅडमनी वाद घातला नाही. ‘भाचीला काही होणार नाही असं मी तुम्हाला सांगू शकत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘ते कुणालाच माहीत नसतं. हे माहीत नसतानाही आजची संध्याकाळ तुम्ही तिच्याबरोबर घालवू शकता का, एवढंच आपण बघू.’ तो प्रामाणिकपणा मला कुठल्याही दिलाशापेक्षा जास्त उपयोगी पडला. तिथून आमचं लक्ष खात्री मिळवण्यावरून अनिश्चितता सोसण्याकडे वळलं.

झोप सुधारायला लागली, रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येऊ लागला, तेव्हा कागदाच्या उजव्या बाजूकडे आलो.

मी विचारलं होतं की मी दुःखाच्या कितव्या टप्प्यात आहे. नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार हे पाच टप्पे सगळ्यांना ऐकून माहीत असतात. मॅडमनी सांगितलं की मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी 1969 साली ते मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसांना ते नंतर लावले गेले, आणि सगळे त्या क्रमाने जात नाहीत. हे ऐकून मनावरचं ओझं उतरलं. आपण एखाद्या इयत्तेत नापास झालोय असं वाटणं तरी बंद झालं.

मला जवळचा वाटला तो मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट या अभ्यासकांचा 1999 सालचा विचार. त्यांच्या मते शोकातला माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतो. कधी गेलेल्या माणसाची आठवण, रडणं, ओढ. कधी बिलं भरणं, नवी जबाबदारी शिकणं, चक्क हसणंही. दोन्ही लागतं. एकाच टोकाला अडकलं की त्रास होतो. मी सतत कामाच्या टोकाला होतो.

मग ताई गेली त्या रात्रीची हकिगत सांगायला लावली. डोळे मिटून, ‘आत्ता फोन वाजतोय’ अशी, जणू आत्ताच घडतंय. माझ्याच फोनवर ती रेकॉर्ड केली. दर थोड्या वेळाने मॅडम 0 ते 100 मध्ये त्रास किती ते विचारायच्या. संपलं की लगेच घरी पाठवायच्या नाहीत. डोळे उघडायचे, आजूबाजूला पाहायचं, आणि आज स्वतःसाठी काय करणार ते ठरवूनच उठायचं. ते रेकॉर्डिंग घरी ऐकायचं असे. पहिल्या वेळी मला मधेच थांबवावं लागलं. पुढे पुढे ऐकताना त्या रात्रीतले असे तपशील वर यायला लागले, जे भीतीखाली दबले होते. फोन करणाऱ्या मेव्हण्यांचा आवाज किती हळवा होता, हे मला तोवर आठवतच नव्हतं. अडकलेल्या शोकासाठी मानसोपचारतज्ज्ञ कॅथरिन शिअर यांनी विकसित केलेल्या उपचारात ही पद्धत आहे. ती एकट्याने करायची गोष्ट नाही, आणि दुःख ताजं असताना तर नाहीच.

प्रत्येक शोकाला थेरपी लागते असंही नाही. बहुतेक माणसं आपल्या माणसांच्या आधाराने, वेळ जाऊ देत सावरतात. ओढ आणि वेदना तशीच तीव्र राहून रोजचं जगणं अडलं, तर त्याला आता ‘दीर्घकालीन शोकविकार’ असं निदान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गवारीत त्यासाठी किमान 6 महिने, तर अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2022च्या डीएसएम या मनोविकारांच्या निदान-पुस्तिकेत प्रौढांसाठी किमान 12 महिने उलटलेले असावे लागतात. माझं प्रकरण त्या उंबरठ्यावर होतं. मॅडमनी शिक्का मारण्याची घाई केली नाही, हे मला योग्य वाटतं. औषधांची गरज भासली असती तर त्यांनी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं, तेही पहिल्यापासून ठरलेलं होतं.

मला भीती होती की बरं होणं म्हणजे ताईला विसरणं. ही समजूत जुनी आहे. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी 1917 साली लिहिलं तेव्हापासून, गेलेल्या माणसातून मन काढून घेणं हेच शोकाचं काम मानलं जायचं. 1990च्या दशकात अभ्यासकांनी उलट दाखवलं की नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं. एका भेटीत मॅडमनी मला ताईशी मोठ्याने बोलायला लावलं, आणि मग तिच्या वतीने उत्तर द्यायला. मी विचारलं, ‘तुझ्या पोरीला मी नीट सांभाळतोय का गं?’ ताईच्या वतीने तोंडातून आलं, ‘अरे, तिला जरा मोकळं सोड.’ बोलून मीच थक्क झालो. ती असती तर अगदी हेच म्हणाली असती.

आता नियमित भेटी थांबल्यात. शेवटी मॅडमनी माझ्याकडूनच लिहून घेतलं, काय परतलं तर वाट न बघता फोन करायचा, आणि कुठले दिवस जड जातील. ताईच्या वर्षदिनाआधी पंधरवडाभर धडधड पुन्हा वाढली होती. ती यादीत होती, म्हणून घाबरलो नाही. आई आणि मी तो दिवस कसा घालवायचा ते आधी बोलून ठरवलं आणि तसाच घालवला.

परवा भाचीने विचारलं, ‘मामा, मीपण जाऊ का? तिथे रडावंच लागतं का?’ मी सांगितलं, मुळीच नाही. फॉर्म भरायचा, प्रश्न विचारायचे, समोरची व्यक्ती नीट ऐकते का ते बघायचं. पटलं तर पुढची वेळ घ्यायची, नाही पटलं तर आपण दुसरं कुणी शोधू. तिने पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे.