चटणीच्या हंगामातील मळमळ

मला गरोदरपणाचा सहावा आठवडा लागला तो एप्रिलच्या मध्यावर, आणि कोल्हापुरात त्या दिवसांत काय चाललेले असते हे इथल्या बायकांना वेगळे सांगायला नको. गच्चीवर ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या वाळत होत्या, आत कांदा, लसूण आणि खोबरे भाजले जात होते आणि गल्लीच्या टोकाला चटणी कुटणारा डंक दिवसभर धडधडत होता. एरवी मिरच्या भाजायला पुढे सरसावणारी मी, जाऊबाईंनी कढई चुलीवर ठेवताच मोरीकडे धावले. सकाळी पोटात फक्त डुचमळे. खरा त्रास व्हायचा संध्याकाळी सहानंतर, शेजारीपाजारी फोडण्या पडू लागल्या की. त्यामुळे ‘मॉर्निंग सिकनेस’ म्हणतात ते हेच, हे माझ्या लक्षात यायलाच आठवडा गेला.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, “अगं, चालायचंच. मला तर पाचवा महिना लागेपर्यंत पाणी पचत नव्हतं.” त्यांनी ते धीर द्यायलाच सांगितले, पण त्या एका वाक्यावर विसंबून मी तीन आठवडे दवाखान्यात गेले नाही. मधल्या काळात यजमानांनी अंगात ताकद यावी म्हणून गंगावेशच्या दूध कट्ट्यावरून म्हशीचे धारोष्ण दूध आणले. पेला तोंडाजवळ नेताच त्याच्या वासाने सगळे उलटून पडले. ते बरेच झाले म्हणायचे, कारण न तापवलेल्या दुधातून जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि गरोदरपणात तो बाळालाही बाधू शकतो, हे मला नंतर कळले.

नवव्या आठवड्यात एक दिवस असा गेला की पाण्याचा घोटही टिकेना. दुपारपासून लघवी झाली नव्हती आणि रात्री झाली ती चहासारखी गडद. तेव्हा मात्र आत्याच म्हणाल्या, “चल, रिक्षा बोलाव.” दवाखान्यात वजन भरले ५१ किलो, गरोदर राहण्याआधी ते ५४ होते. वजन पाच टक्क्यांहून अधिक घटणे, शरीरातील पाणी कमी होणे आणि लघवीत कीटोन दिसणे, ही नेहमीच्या मळमळीची नव्हे तर उपचार लागणाऱ्या तीव्र उलट्यांची लक्षणे असतात, असे डॉक्टरीणबाईंनी समजावले. उपाशी शरीर स्वतःची चरबी जाळू लागले की कीटोन तयार होतात. मला सलाईन लावले, आणि ग्लुकोज देण्यापूर्वी ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले, कारण बरेच दिवस अन्न न पचलेल्या बाईला ते न देता ग्लुकोज दिले तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. इतकी साधी बाब, पण ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

माझ्या मनात एक अपराधी भाव होता की आपणच नाजूक, आपल्याच मनाचे खेळ. तो त्यांनी काढून टाकला. जीडीएफ-१५ नावाचे एक संप्रेरक गर्भ आणि वार (प्लॅसेंटा) यांच्याकडून आईच्या रक्तात मोठ्या प्रमाणात येते आणि मेंदूतील मळमळीच्या केंद्रावर काम करते. गरोदरपणापूर्वी ज्यांच्या रक्तात ते कमी असते त्यांना त्याची सवय नसल्यामुळे त्रास जास्त होतो, असे २०२३ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे. आत्यांनीही हे शेजारी बसून ऐकले, आणि घरी आल्यावर चटणीची बरणी कट्ट्यावरून उचलून माळ्यावर ठेवली.

घरी पाठवताना डॉक्सिलामाइन आणि ब-६ जीवनसत्त्व यांची एकत्र गोळी रात्री झोपताना घ्यायला सांगितली. ती सावकाश काम करते म्हणून रात्रीची घ्यायची, म्हणजे सकाळी तिचा उपयोग होतो. दिवसा घेतली तर गुंगी येते. खाण्याचे गणितही बदलले. उशाशी खारीचा डबा ठेवला, अंथरुणातच एक-दोन तुकडे खाऊन पंधरा मिनिटांनी उठायचे. पोट रिकामे ठेवायचे नाही आणि गच्च भरायचेही नाही, म्हणून दर दोन तासांनी मूठभर चुरमुरे, गार दहीभात किंवा शिळ्या भाकरीचा चतकोर. गरम अन्नाची वाफ उठते आणि वास नाकात बसतो, गाराचा तसा बसत नाही. पाणी जेवताना न पिता अधूनमधून घोटघोट. आल्याचा तुकडा चघळून थोडा उतार पडायचा, आमसुलाच्या साराने जास्त. लिंबू सरबताचे मात्र मला जमले नाही, छातीत जळजळायचे.

बाराव्या आठवड्यानंतर दिवसाआड बरे वाटू लागले आणि पंधराव्यात, पहिला पाऊस पडला तेव्हा, वजन ५३ झाले. मग लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तोंडाला लोखंडी चव येऊन पुन्हा ढवळू लागले. डॉक्टरीणबाईंनी ती गोळीही रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली. आत्यांनी आता बरणी माळ्यावरून खाली काढली आहे, मात्र तिच्या तोंडाला दुहेरी फडके बांधून.