मामा तलाव: कोहळ्यांनी बांधले, ढिवरांनी जगवले

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत सहा हजारांवर जुने तलाव आहेत. सरकारी दप्तरात ते ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलण्यात ‘मामा तलाव’. या नावामागे खरे कर्ते झाकले जातात. मालगुजारी ही नंतरची महसुली व्यवस्था. पुष्कळसे तलाव त्याआधीचे, गोंड राजवटीतले. जंगल तोडून गाव वसवील त्याला गावाची पाटीलकी, तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, अशी चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) हिरशहा या गोंड राजाची रीत सांगतात. कोहळी समाजाने तिचं सोनं केलं. नवेगावबांधचा अफाट तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते, आणि तिथल्या डोंगरावर ते आजही कोलासुर म्हणून पूजले जातात.

कोहळ्यांचं कसब जागा हेरण्यात होतं. दोन टेकड्यांमधली अरुंद जागा मातीच्या पाळीने अडवायची, जादा पाणी सांडव्याने काढून द्यायचं, सिंचनाचं पाणी तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या उघडझाप करता येणाऱ्या तोंडातून, पाटात सोडायचं. वरच्या अंगाला बोड्या, म्हणजे लहान तळी, असत. गाळ आधी त्यांच्यात बसे आणि मोठा तलाव वाचे. तलावाचा खरा भरवसा पाऊस परतीला लागण्याच्या दिवसांत. धान निसवताना, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना, पाऊस दडी मारतो, तेव्हा तुडुम उघडून दिलेलं एक पाणीच पीक हाती देतं.

1951 मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. पूर्वी गावानं फुकट वापरलेल्या पाण्यावर पुढे पट्टी आली, निस्तार हक्कांवरून, म्हणजे गावाच्या रोजच्या वापराच्या हक्कांवरून, वाद झाले, आणि पाळीची डागडुजी कोणाची हा प्रश्न लोंबकळत राहिला.

आता सगळा भर गाळ काढण्यावर आहे, आणि काम बिघडतं ते इथेच. यंत्र पाळीच्या पायथ्याशी खोल नेलं की तळाचा चिकणमातीचा थर फाटतो आणि पाणी झिरपून जातं. तुडुमाच्या उंबऱ्याखाली खणलं तर साठा वाढलेला दिसतो, पण त्यातलं पाणी आपसूक वाहून धानाच्या बांधीत जात नाही. काठ उभे कापले तर उथळ पाणीच उरत नाही. स्थानिक मासे अंडी घालतात ते त्याच उथळ, वनस्पतींनी भरलेल्या पट्ट्यात.

ही जाण मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. कोणत्या पाणवनस्पतीच्या आसऱ्याला कोणता मासा राहतो, देवधान, म्हणजे रानटी धान, कुठे उगवतं, हे त्यांना पाठ असतं. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात विणत नाहीत, त्यामुळे त्यांचं बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. मरळीसारखे गावचे मासे तलावातच वाढतात, पण तळ जिवंत असला तरच.

तळ जिवंत करायचा तर आधी बेशरम हे माजलेलं झुडूप काढायचं. नुसतं छाटून भागत नाही; ओल्या जमिनीत टाकलेल्या तुकड्यालाही मुळं फुटतात. माती मऊ असताना मुळासकट उपटावं, पाण्याच्या रेषेबाहेर नेऊन वाळवावं. मग पावसाआधी कोरड्या तळाचा काही भाग नांगरून भुसभुशीत करायचा आणि पाणी आल्यावर शेजारच्या चांगल्या तलावातून आणलेल्या पाणवनस्पती तिथे लावायच्या. गवत्या मासा (ग्रास कार्प) मात्र या तलावात कधीच सोडू नये. लावलेलं सगळं तो खाऊन टाकतो.