माळ्यावरचे बूट

डिसेंबर सरत आला की मला डोंगर आठवतात. तसे ते वर्षभर आठवत असतात, पण डिसेंबरात त्यांचा आकडा ठरतो. गेल्या वर्षी बारा वाटा ठरल्या होत्या, महिन्याला एक. झाल्या दोन. त्यातली एक अर्धीच. पण परतीचं अंतर धरलं तर ती पूर्ण भरते, आणि मी ते धरतो.

यंदा संकल्पाला बळ यावं म्हणून एकतीस तारखेलाच माळ्यावरून बूट काढले. दिसायला ठणठणीत. लेस आवळली, घरातल्या घरात चार पावलं टाकली, तर मागे काळसर चुरा सांडत आलेला. पाचव्या पावलाला उजव्या बुटाचा तळ फरशीवरच राहिला आणि मी पुढे गेलो. आधी वाटलं, उंदीर. मग शोधाशोध केल्यावर कळलं, की अशा बुटांच्या तळाच्या मधल्या थरात बरेचदा पॉलियुरेथेनचा फोम असतो आणि हवेतला ओलावा त्याला वर्षानुवर्षं आतून पोखरत राहतो. नुसते ठेवून दिले तरी. शास्त्रात याला हायड्रोलिसिस म्हणतात. घरात याला ‘मी सांगितलं होतं’ म्हणतात. वर बूट बनवणारेच सांगतात की वापरातले बूट जास्त टिकतात. म्हणजे माझे बूट चालून झिजले नव्हते, बसून बसून गेले होते.

मग साहजिकच खरेदीची यादी. बूट, दोन काठ्या, पाठपिशवी, डोक्याला लावायची बॅटरी. यादी करताना मला नेहमी अर्धा डोंगर चढल्यासारखं वाटतं. यंदा मात्र मध्येच एमा गेटवुड आठवल्या आणि पेन थांबलं. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अकरा मुलांची ही आई ‘जरा फिरून येते’ असं सांगून निघाली आणि अमेरिकेतली तीन हजार किलोमीटरांहून लांब अ‍ॅपलाचियन वाट एकटीने चालून आली. पायात कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. काठ्या यादीतून खोडल्या. बॅटरी ठेवली, मला अंधाराची भीती वाटते, त्याला एमाबाई काय करणार.

वेळेचा अंदाज ही माझी दुसरी दुखरी बाजू. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक हिशेब मांडला होता, तो अजून वापरतात: दर तीन मैलांना एक तास, शिवाय दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. साधा, चोख हिशेब. फक्त त्यात ‘थांब, फोटो काढतो’ नाही, आणि ‘आपण इथून आलो होतो का?’ तर नाहीच नाही. उताराचाही वेगळा वेळ नाही. माझं सगळं दुखणं उताराचंच. चढताना दम लागतो, तो दोन मिनिटं टेकलं की जातो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यांना बारीक इजा होते आणि ती खरी बोलते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जिना उतरताना, उलटं चालायला लावून.

तर बारा वाटा रद्द. नेहमीच्या टेकडीवर अर्ध्या चढात डावीकडे एक बारीक पायवाट फुटते. किती वर्षं झाली, मी तिच्यावरून नजर फिरवतो, ‘एकदा इकडून जायला हवं’ म्हणतो आणि सरळ वर जातो. जानेवारीच्या पहिल्या रविवारी, साधेच जुने बूट घालून, डावीकडे वळलो. वाट छान रुळलेली. झुडपांतून, एका ओघळीच्या कडेने, चढ जवळजवळ नाहीच. मनात तिला नावही देऊन झालं. वीस मिनिटांनी ती एका पाणवठ्यापाशी संपली. तिथे चार गुरं उभी होती. इतकी वर्षं ही वाट कोणी रुळवली, ते तेव्हा कळलं. त्यांनी पाणी प्यायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं, आणि एकीने थोडी बाजूला सरून जागा दिली.