नेझू ते निप्पोरी, पायी

टोकियोतली बरीच मराठी कुटुंबं निशी-कासाईच्या बाजूला राहतात, मीही तिथलीच. आमचा भाग आखीव आहे, रस्ते सरळ आणि इमारती सारख्या उंचीच्या. त्यामुळे ‘जुनं टोकियो कुठे बघायला मिळेल?’ असं घरून कुणी विचारलं की मी यानाकाचं नाव घेते. तोझाई लाइनने ओतेमाचीला यायचं, तिथे चियोदा लाइन पकडून नेझूला उतरायचं आणि पुढे पायीच हिंडायचं.

नेझूहून उत्तरेला निघालं की थोड्याच वेळात ‘हेबीमिची’ लागते. ही गल्ली सापासारखी इतकी वळत जाते की पुढचं माणूस दिसेनासं होतं. एवढी वळणं कशासाठी, ते नकाशा पाहून कळत नाही. इथून पूर्वी आइझोमे नावाची छोटी नदी वाहायची. ती आता जमिनीखाली बंदिस्त आहे, पण गल्लीने तिचा काठ सोडलेला नाही. ताइतो आणि बुंक्यो या दोन वॉर्डांची हद्दही याच वळणांवरून जाते. नदी गेली, तरी सरकारी कागदावर तिची वाट शिल्लक आहे!

पत्ता शोधायचा तर वेगळीच तऱ्हा. जपानात बहुतेक रस्त्यांना नाव नसतं. आधी मोहल्ल्याचा भाग, मग ब्लॉकचा, म्हणजे रस्त्यांमधल्या घरांच्या चौकटीचा क्रमांक, मग इमारतीचा. हे क्रमांक रस्त्याच्या कडेने ओळीत लागत नाहीत. म्हणून विचारत जावं. नाक्यावरच्या कोबानमध्ये, म्हणजे छोट्या पोलीस चौकीत, भिंतीवर त्या भागाचा मोठा नकाशा असतो आणि पोलीस त्यावर बोट ठेवून समजावतात. मोडक्यातोडक्या जपानीतही काम होतं.

हेबीमिचीवरून उजवीकडे चढलं की एका तिठ्यावर प्रचंड झाड उभं दिसतं. खाली जुनं छोटं दुकान, वर फांद्यांचं छत. ते झाड म्हणजे आपला हिमालयातला देवदार. दुकानातल्या आजोबांनी कुंडीत लावलेलं रोप इतकं वाढलं, असं सांगतात. तिथली जमीन विकली गेल्याचं कळलं तेव्हा रहिवासी झाड वाचवायला एकत्र आले. मला यानाका आवडतं ते यासाठी. हा भाग 1923 चा भूकंप आणि 1945 ची बॉम्बफेक या दोन्हींतून बऱ्याच अंशी वाचला, हे खरंच. पण पुढची सगळी वर्षं तो टिकला तो माणसांमुळे. 1984 मध्ये इथल्या तीन स्त्रियांनी, घरची लहान मुलं सांभाळत, परिसरावर एक छोटं त्रैमासिक सुरू केलं. म्हाताऱ्यांच्या आठवणी, दुकानं, विहिरी, देवळं, सगळं त्यांनी विचारून विचारून लिहून ठेवलं, तेही 2009 पर्यंत. माझं बालपण सदाशिव पेठेतलं. तिथले वाडे एकेक करून पडले तेव्हा आमच्यापैकी कुणी असं घरोघरी जाऊन लिहून घेतलं असतं तर, हा विचार मला इथे दर वेळी अस्वस्थ करतो.

1657 च्या मोठ्या आगीनंतर शहरातली अनेक देवळं या टेकाडावर हलवली गेली. आजही इथे सत्तरच्या आसपास बौद्ध मंदिरं आहेत. कान्नोन-जी मंदिराची माती आणि कौलांचे थर रचून बांधलेली भिंत जरूर बघा. तिथून पुढे यानाकाची दफनभूमी. दचकू नका, इथून मुलं शाळेत जातात, आजी-आजोबा फिरायला येतात, एप्रिलच्या सुरुवातीला साकुराखाली, म्हणजे चेरीच्या बहराखाली, गर्दी होते. जपानचा शेवटचा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, तोकुगावा योशिनोबू याची समाधी इथेच आहे. 1957 मध्ये जळालेल्या पाच मजली पॅगोडाचे आता फक्त पायाचे दगड उरलेत. मी मात्र सगळ्यात जास्त वेळ थांबते ती थडग्यांमागच्या उंच लाकडी फळ्यांपाशी. त्यांवर काळ्या शाईने सिद्धम् लिपीतली अक्षरं असतात, वरून खाली ख, ह, र, व, अ ही पंचमहाभूतांची बीजाक्षरं. ब्राह्मीच्या कुळातली ही लिपी चीनमार्गे इथे आली आणि मृतांच्या नावाने अजून लिहिली जाते.

यानाका गिंझा ही बाजाराची गल्ली शेवटी येते. सोया सॉस लावून भाजलेले सेनबेई, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, शाकाहारी मंडळींना चालतील, पण प्रसिद्ध मेंची कात्सु हे तळलेलं कटलेट मांसाचं असतं, आधी सांगून ठेवते.

आईबाबा आले की मी हाच रस्ता उलटा धरणार आहे. निप्पोरी स्टेशन टेकाडाच्या बाजूला पडतं, म्हणून तिथून निघालं की बहुतेक वाट उताराची. आईच्या गुडघ्यांना तेच बरं.