दुसऱ्या गिअरने काढलेले तेवीस दिवस

जुन्या सायकलचा आतला गिअर घसरतोय म्हणून कुणी मागचं चाक खोलायला निघालं, तर आधी त्याच्या हातातला पाना काढून घ्या. मला हे सांगायला तेव्हा कुणी नव्हतं.

आजोबांची रॅले सायकल माळ्यावरून उतरवली, टायर-ट्यूब बदलली, ब्रेक लावले. मागच्या चाकाच्या मधल्या नळकांड्यावर, हबवर, ‘स्टर्मी-आर्चर एडब्ल्यू’ हे कंपनी-मॉडेलचं नाव आणि पुढे ६२ ७ असं कोरलेलं, म्हणजे १९६२ चा जुलै. तीन गिअर, तिन्ही हबच्या पोटात.

बेळगावात शहापूरहून कपिलेश्वर पूल चढताना दुसऱ्या गिअरवर उभा राहून जोर दिला आणि पाय एकदम मोकळा सुटला, चेन तुटल्यासारखा. दांड्यावर आपटलो. कुठे लागलं ते विचारू नका.

मग दुकान. ‘उद्या या.’ ‘पोरगं गावाला गेलंय.’ ‘पार्ट यायचाय.’ कुठला पार्ट, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेविसाव्या दिवशी निकाल लागला: ‘आतले दात गेलेत, साधं हब टाकून देतो.’ चाक बसवताना नट आणि आस दोन्हींवर मिळून मी बायकोच्या नेलपॉलिशचा एक ठिपका दिला होता. तो जसाच्या तसा होता. म्हणजे नट कुणी हलवलाच नव्हता, दात कुठून बघितले?

सायकल ढकलत घरी आणली. गल्लीतल्या मामांनी, मिलिटरी वर्कशॉपमधून रिटायर झालेल्या, मला एक चक्कर मारायला लावली आणि हसले. ‘पाय मारत मारत गिअर बदलूलालासा की! जरा थांबवा पाय.’ माझी सवय नव्या गिअरवाल्या सायकलची, तिथे पाय चालू ठेवावेच लागतात. इथे उलटं. क्षणभर पाय सैल सोडायचा, हँडलवरचा गिअरचा खटका ओढायचा, मग जोर. सिग्नलला उभ्या उभ्याही पहिला टाकता येतो. नाहीच पडला तर पायडल किंचित मागे हलवा.

पण पूल चढताना मी गिअर बदललाच नव्हता, तरी घसरलो. ते दुखणं खटक्यापासून हबपर्यंत जाणाऱ्या वायरचं. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एक रिकामी जागा असते, तिथे काहीच पकडत नाही. वायर ढिली असली की दुसरा तिकडे सरकतो. मामांनी खटका दुसऱ्यावर ठेवायला सांगितलं आणि उजव्या नटाच्या भोकातून बघायला लावलं. वायरच्या टोकाची बारीक साखळी (चेन नव्हे) जिला जोडलेली असते त्या हबमधल्या दांडीचं टोक आसाच्या टोकाशी बरोबर यायला हवं. माझं आत गेलं होतं. वायरवरची बारीक नळी दोन आटे फिरवली, चकती आवळली. काम झालं! चार मिनिटं, पाना नाही.

त्याआधी ही बारीक साखळी हबमध्ये पूर्ण आत पिळून फार तर अर्धा आटा मागे घ्यायची, हे मी विसरलो होतो. वायर वाटेत तुटली तर सायकल तिसऱ्यावरच राहते, तेव्हा चढाच्या रस्त्याला जाताना जादा वायर जवळ ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्यात पाय मारताना टिकटिक येते, ती येऊ दे. मी त्या आवाजानेही दोन रात्री झोपलो नव्हतो.

तेल महिन्यातून चार थेंब, हबवरच्या टोपणातून. शिलाई मशीनचं चालतं. खोबरेल नको, बेळगावच्या डिसेंबरात ते बाटलीतसुद्धा गोठतं.