पन्नास पैशाचं कार्ड आणि मावशीचे नऊ रुपये

संक्रांतीला भाचा आमच्याकडे नागपुरातच होता, आणि इथली संक्रांत म्हणजे पतंग, सकाळपासून पोरं गच्चीवर. तो म्हणे अमरावतीच्या आजीला पण पतंग पाठवू. अमरावतीची आजी म्हणजे माझी मावशी. मग आम्ही पोस्टकार्ड घेतलं, त्यावर घोटीव कागदाचा छोटा पतंग चिकटवला, त्याला खऱ्या मांज्याची शेपटी लावली, वरून टेप मारली आणि दिलं लाल डब्यात टाकून. इतकं छान दिसत होतं ना ते.

महिन्याभराने मावसभाऊ सहज बोलता बोलता म्हणाला, तुमचं कार्ड नॉटपेड, म्हणजे तिकीट कमी पडलेलं, आलं होतं, आईनं नऊ रुपये देऊन सोडवून घेतलं. मावशी स्वतः एका शब्दाने बोलली नव्हती. मी फोन केला तर म्हणते, "अगं नऊ रुपयाचं काय घेऊन बसली, पतंग देवघराजवळ लावून ठेवला मी." पण मला फार लागलं ते. भेट आपण पाठवायची आणि पैसे तिने भरायचे?

म्हणून जवळच्या पोस्टात जाऊन विचारलं. काउंटरवरच्या काकांनी नीट समजावून सांगितलं. पोस्टकार्डाला काही चिकटवलं, बांधलं की ते कार्ड राहत नाही, पत्र होतं. पत्राला वीस ग्रॅमपर्यंत 5 रुपये लागतात, आमच्या कार्डावर छापील तिकीट 50 पैशांचं, म्हणजे साडेचार रुपये कमी पडले, आणि कमी पडलेल्याच्या दुप्पट पैसे ज्याला पत्र जातं त्याच्याकडून घेतात. झाले नऊ. हिशोब एकदम बरोबर होता, चूक आमचीच.

नियम ऐकल्यावर मला तो पटलाही. कार्डांचे गठ्ठे बांधले जातात, त्यावर शिक्के पडतात, थैल्यांत भरले जातात, त्यात आमच्या मांज्याची शेपटी कुठं कुठं अडकली असेल कोण जाणे. कार्ड स्वस्त आहे तेच मुळात ते उघडं, चपटं आणि साधं आहे म्हणून. तरी 50 पैशात सरकारचा खर्च निघतच नाही, छापण्यापासून दारात आणून देईपर्यंत त्याच्या कितीतरी पट लागतात. आपल्याकडे पहिलं पोस्टकार्ड 1 जुलै 1879 ला निघालं, तेव्हा पाव आणा पडायचा, आणि आता वीसहून जास्त वर्षं झाली, भाव आठ आण्यावरच आहे. सुट्टे आठ आणे कोणाकडेच नसतात, म्हणून मी नेहमी दोन कार्डं मागते, एक रुपया दिला की झालं.

दुसरी गोष्ट जी मला माहीतच नव्हती, छापील मजकुराची. वहिनीच्या बाळाच्या बारशाला चाळीस कार्डं डीटीपीवाल्याकडून छापून घ्यायचा विचार होता. काका म्हणाले, मजकूर छापला की ते प्रिंटेड पोस्टकार्ड, त्याला 6 रुपये. म्हणजे वीस रुपयांच्या जागी दोनशे चाळीस! मग आम्ही दोघी दुपारभर बसून हातानेच लिहिली, कोपऱ्याला हळदीकुंकू लावलं, आणि खरं सांगू का, नातेवाईकांना हाताचं अक्षरच जास्त आवडलं. कोपऱ्याचं म्हणाल तर आमच्या आजीच्या वेळी कोपरा फाटलेलं कार्ड आलं की आत काय लिहिलंय ते वाचायच्या आधीच घरात रडारड व्हायची. (टीव्ही-पेपरच्या स्पर्धांची उत्तरं पाठवायची असतील तर त्याचं कार्ड वेगळं येतं, 10 रुपयांचं.)

पत्त्याच्या बाजूला मधोमध रेघ असते, तिच्या उजवीकडे फक्त पत्ता, डावीकडे लिहिलं तर चालतं. आणि पिनकोड टाकाच, बाप्पा! 15 ऑगस्ट 1972 ला तो सुरू झाला, आणि ज्यांनी तो आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस, संस्कृतात कविता करणारे. पहिले तीन आकडे कुठल्या भागात जायचं ते सांगतात, शेवटचे तीन नेमकं कोणतं पोस्ट ते. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओचा 440001, आणि 444 दिसलं की समजायचं थैली अमरावती-अकोल्याकडे चालली.

यंदा भाच्याने पतंग स्केचपेनने थेट कार्डावरच काढला, शेपटीसकट, चिकटवलं काहीच नाही. आठव्या दिवशी मावशीचं उत्तर आलं, तेही कार्डच. मागची बाजू पूर्ण भरलेली, मग पत्त्याकडची डावी बाजू भरलेली, जागा संपल्यावर कडेने उभं लिहिलेलं, पण अक्षर कुठेही रेघेला शिवलेलं नाही.